ज्वारीचं कणीस, उजवा हात आणि भरतीचा अर्ज

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी पंचवीस वर्षांची, गाव जिंतूर तालुक्यातलं. सध्या छत्रपती संभाजीनगरला खासगी नोकरी, जोडीला बँकेच्या आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांची तयारी. घरी स्थळं बघणं सुरू आहे. तिला उजव्या हातावर, मनगटाच्या वर बाहेरच्या बाजूला, चार इंचांचं ज्वारीचं कणीस काढून घ्यायचंय. आई म्हणते, "हात बघूनच पाहुणे माघारी फिरतील." मुलीचं म्हणणं, आजीच्या कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर गोंदण आहे, ते चालतं तर माझं का नाही? आणि शेवटी सरळ विचारलंय: काढू की नको?

मी लातूरला टॅटूचं काम करते. त्याआधी लग्नाच्या मेंद्या काढायचे, त्यामुळे मराठवाड्यातल्या बायकांचे हात पुष्कळ बघून झालेत. माझं उत्तर: काढ. पण उजव्या हातावर नको, आणि भरलेल्या अर्जांचा निकाल लागेपर्यंत नको. काढशील तेव्हा मात्र झाकायच्या बेतानं काढू नकोस. दिसणारा टॅटू काढून जन्मभर बाह्या ओढत बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यापेक्षा न काढलेला बरा.

आधी हाताचं सांगते, कारण तिथं मतामताचा प्रश्नच नाही, नियम आहे. स्टाफ सिलेक्शनच्या ज्या भरतीतून सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी या केंद्राच्या सुरक्षा दलांचे कॉन्स्टेबल घेतात, तिच्या जाहिरातीत टॅटूवर वेगळा परिच्छेद असतो. मजकूर धार्मिक चिन्ह किंवा आकृती, नाहीतर नाव असा चालतो. जागा मात्र कोपराखालच्या हाताची आतली बाजू, आणि तीही फक्त डाव्या हाताची, कारण सलाम उजव्या हातानं करतात. नाहीतर पंजाची मागची बाजू. आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान हवा. लष्कराचा नियमही याच्याच जवळचा आहे: कोपर ते मनगट आतली बाजू किंवा पंजाची मागची बाजू, बाकी अंगावर कायमचा टॅटू चालत नाही. ज्या आदिवासी जमातींमध्ये गोंदण रूढ आहे त्यांना वेगळी सवलत आहे.

आता तुझं कणीस यात बसवून बघ. उजवा हात, बाहेरची बाजू, चार इंच. दोन गोष्टींवर तर सरळ बाद, आणि हात बारीक असेल तर तिसरीवरही शंका. कणीस धार्मिक चिन्हात बसतं का, हाही प्रश्न आहेच. तू लिहिलंस की तुला ऑफिसातलीच जागा हवीय, वर्दीची नको. असेल. पण पंचवीसाव्या वर्षी स्पर्धा परीक्षेवाल्या मुली एकाच जागेचा अर्ज भरत नाहीत, जे जे निघेल ते भरतात, हे मी इथल्या क्लासेसच्या गल्लीत रोज बघते. लेखी निघालं, मैदान निघालं आणि मेडिकलला हातावर बोट ठेवलं, असं व्हायला नको. बँकेत, साध्या कार्यालयीन नोकरीत टॅटू बघून कुणी बाद करत नाही. विमान कंपन्यांत हवाई सुंदरीच्या कामाला गणवेशातून दिसणारा टॅटू सहसा चालत नाही. प्रत्येक भरतीची जाहिरात स्वतः वाच, शारीरिक पात्रतेच्या पानावर. मित्राच्या मित्रानं सांगितलेलं धरू नकोस आणि माझंही डोळे झाकून धरू नकोस, नियम बदलतात.

"नको वाटला तर लेझरनं घालवू," हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकू येतं. लेझर टॅटू पुसत नाही. आत बसलेल्या शाईचे बारीक तुकडे करतं, मग शरीरातल्या पेशी ते तुकडे हळूहळू वाहून नेतात. म्हणून दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात आणि अशा बऱ्याच बैठका लागतात. लहानसं नावसुद्धा जायला वर्षभर धरून चालायचं. त्यात आपली कातडी सावळी. लेझरला शाईचा रंग आणि कातडीचा स्वतःचा रंग यांतला फरक पुरता कळत नाही, त्यामुळे टॅटू गेला तरी त्याच आकाराचा पांढुरका किंवा काळपट डाग मागं राहू शकतो. काळी शाई त्यातल्या त्यात नीट जाते. हिरवा, आकाशी, पिवळा चिवट. पांढऱ्या शाईची तर गंमतच आहे: तिच्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, लेझर पडलं की ती काळी पडू शकते. लेझरनं घालवायचा खर्च टॅटू काढून घेण्याच्या कितीतरी पट होतो. मेडिकल पंधरा दिवसांवर आलं म्हणून मुलं चुना लावतात, बाजारात मिळणारं क्रीम चोळतात आणि कातडी भाजून घेतात. तेव्हा लेझर हा पर्याय धरून निर्णय करायचाच नाही.

आता आजीचं. हा मुद्दा तू घरात भांडणात वापरतेस, तो वापरू नकोस असं मला वाटतं. आजीला कुणी विचारलं नव्हतं. गोंदणारी बाई दारात आली किंवा जत्रेत बसलेली असली की आठ-दहा वर्षांच्या पोरीला मांडीवर दाबून धरायचे आणि टोचून घ्यायचे. सुया एकत्र बांधलेल्या, काजळीची शाई, वरून हळद. पोरगी ओरडली तर बाया हसायच्या. सोनं-नाणं इथंच राहतं, मेल्यावर बरोबर येतं ते गोंदण, अशी समजूत होती, आणि गोंदण नसलेल्या सुनेला टोमणेही बसायचे. म्हणजे तेव्हा न गोंदणारी बाई वेगळी दिसायची, आज गोंदणारी दिसते. आजीचं गोंदण चारचौघींसारखं होण्यासाठी होतं. तुझं कणीस तुझ्या एकटीच्या मनातून आलंय. आई हा फरक तुझ्यापेक्षा आधी ओळखते, म्हणूनच आजीचा दाखला तिच्यापुढं टिकत नाही.

आजीकडून घ्यायचं ते वेगळं आहे. एखाद्या दुपारी तिचा हात उजेडात धरून बघ. तुळस, ठिपके, एखादं नाव असेल ते बघ. रेघा फुगलेल्या दिसतील, ठिपके एकमेकांत गेलेले दिसतील, आणि काळी काजळी हिरवट-निळी दिसेल. काजळी काळीच असते, पण ती खोलवर असते, वरच्या कातडीतून येणारा उजेड विखुरतो आणि आपल्याला हिरवं-निळं दिसतं. आजची शाई चांगली आहे, मशीनची सुई एक-दोन मिलिमीटरच्या आत नेमकी थांबवता येते, पण कातडी तीच आहे. पन्नास वर्षांनी काय होतं याचा इतका चांगला नमुना कुठल्याच पार्लरच्या अल्बममध्ये सापडणार नाही.

पाहुण्यांचं बोलू. आईला शाईची भीती नसते. तिला भीती असते एका प्रश्नाची: "कुणाचं नाव काढलंय?" मुलीच्या हातावर काहीही दिसलं की पहिला संशय तोच. म्हणून मी लग्नाच्या वयाच्या मुलींना इंग्रजीतलं एकच अक्षर काढायला स्पष्ट नको म्हणते. पूर्ण नाव परवडलं, विचारलं तर सांगता येतं. एका अक्षराचा अर्थ गाव आपापल्या सोयीनं लावतं. तसंच त्या हृदयाच्या ठोक्याच्या वेड्यावाकड्या रेघा, त्यांच्या टोकाला काहीतरी असायलाच हवं असं बघणाऱ्याला वाटतं. कणसाचं तसं नाही. आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला ते कळतं. जास्तीत जास्त काय होईल, मुलाचा बाप म्हणेल, "हुरड्याला कधी बोलावता?"

तरी काही घरं नाही म्हणतीलच, हे मी लपवणार नाही. टॅटूमुळे नाही म्हणणारी घरं बहुतेक वेळा कापलेले केस, जीन्स, रात्री उशिरा सुटणारी नोकरी यांनाही नाही म्हणतात. तुला तसं घर नको असेल तर नुकसान काय झालं? आणि तसं घर चालणार असेल, लवकर लग्न होणं तुला स्वतःला महत्त्वाचं वाटत असेल, तर तेही खरं मान आणि वर्ष-दोन वर्षं थांब. दोन्ही निर्णय शहाणपणाचेच आहेत. एकच गोष्ट करू नकोस: पाहण्याच्या कार्यक्रमाला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज आणि लग्नानंतर उघड. बायोडेटाच्या फोटोत हात दिसू दे. ज्यांना अडचण आहे ते फोनवरच गळतील, आईला दर वेळी पोहे करावे लागणार नाहीत.

लग्न ठरलंच तर त्या धामधुमीत टॅटू काढू नको, हे जाता जाता. हिरवा चुडा मनगटावर दिवसभर घासतो, काच लागते, वर हळद, मेंदी, चिकट घाम. ताजी जखम त्यात कधी नीट भरत नाही.

डाव्या हाताची आतली बाजू मी नियमासाठी सुचवतेय, पण कामाच्या दृष्टीनंही ती सरस आहे. तू स्कूटीवर फिरणार. हँडल धरलं की हाताची बाहेरची बाजू थेट उन्हात येते, आणि आपल्याकडचं ऊन मार्चपासूनच भाजायला लागतं. ऊन शाईचा शत्रू आहे. आतली कातडी झाकलेली राहते, तिला केस कमी, रेघ स्वच्छ बसते. शिवाय तिथला टॅटू तुला स्वतःला दिसतो, समोरच्याला तू हात वळवलास तरच पूर्ण दिसतो. दिसतो तर आहेच, अर्ध्या बाहीत लपत नाही, पण चहाचा कप घेताना आधी टॅटू आणि मग तू असं होत नाही. मान, पंजा, बोटं यांना मी पहिल्याच टॅटूला हात लावत नाही. बोटांवरची शाई लवकर उडते, भांडी-धुणं करणाऱ्या हातांवर तर फारच.

आता कणीस. तू पाठवलेलं चित्र बघून मला हसू आलं, रागावू नकोस. ती गव्हाची ओंबी आहे. ज्वारीच्या कणसाला अशी लांब, ताठ कुसळं नसतात. इंटरनेटवर धान्य शोधलं की गहूच पुढं येतो आणि मुली तोच घेऊन येतात. शहरात कुणाच्या लक्षात येणार नाही, पण तुझ्या गावात पहिल्या दिवशी चेष्टा होईल. या रब्बीत शेतात जा, मालदांडीचं एक भरलेलं कणीस खुडून आण आणि पांढऱ्या कागदावर ठेवून वरून फोटो काढ. गच्च दाणे, खाली जाड ताट, बाजूला एखादं लांब वळलेलं पान. त्या पानामुळेच आकार हातावर देखणा बसतो, मनगटाकडून कोपराकडं चढतो.

दाण्यांची अडचण आहे. खऱ्या कणसासारखे सगळे दाणे काढले तर दोन-तीन वर्षांत ते एकमेकांत मिसळून काळा गोळा होईल. लांबून बघणाऱ्याला तो भाजल्याचा डाग वाटेल. म्हणून दाणे कमी आणि मोठे, प्रत्येकाभोवती कोरी कातडी सोडलेली, काही नुसत्या बाह्यरेषेचे, काही अर्धे भरलेले. सध्या केसासारख्या बारीक रेघेची फॅशन आहे. ताजी असताना ती सुंदर दिसते, फोटोत तर फारच. पण अती बारीक रेघ एक तर तुटक होते नाहीतर पसरते, म्हणून मी थोडी जाड सुई सांगते. रंगाचा हट्ट सोड. सावळ्या कातडीवर काळाच टिकतो, आणि शाईची ॲलर्जी येते ती जास्त करून लाल रंगाला. कणसाखाली देवनागरी अक्षरं घालायचा विचार मनात आला तर दोन गोष्टी बघायच्या. 'ष', 'ळ', 'क्ष' यांच्या आतल्या पोकळ्या लहान अक्षरात भरून जातात, म्हणून अक्षर मोठं हवं. आणि ऱ्हस्व-दीर्घ कागदावर दोन जाणत्या माणसांकडून तपासून घ्यायचं. सेल्फीत अक्षरं उलटी दिसतात, तेव्हा सुई लावण्याआधी चित्राचा ठसा हातावर उमटवतात, तो आरशात किंवा सेल्फीत नव्हे, डोळ्यांनी सरळ वाचायचा. चूक त्या ठशात निघाली तर ओल्या कापसानं पुसता येते.

पक्कं करण्याआधी खोटा टॅटू लावून बघ. जागुआ नावाच्या फळाच्या रसाचं जेल मिळतं, ते निळसर काळा रंग देतं आणि दहा-पंधरा दिवसांत जातं. नाहीतर साध्या हिरव्या मेंदीनं काढ, रंग तपकिरी येईल पण जागा आणि आकार कळेल. जत्रेत, पार्लरात दहा मिनिटांत काळीभोर रंगणारी मेंदी असते ती मात्र हाताला लावू नकोस. तिच्यात बहुतेक वेळा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन घातलेलं असतं, त्यानं फोड येऊ शकतात आणि पुढं आयुष्यभर केसांचा डाय सोसेनासा होऊ शकतो. तो खोटा टॅटू लावून ऑफिसला जा, गावी जा, एखाद्या लग्नात जेवायला बस. "हे काय काढलंस?" याला विसाव्यांदा उत्तर देताना तुला मजा येते की वीट येतो ते बघ. जिला वीट येतो आणि वर्दीची भरती नकोच आहे, तिनं दंडावर काढावा. तो निर्णय मी कागदावरच्या चित्रावरून कधीच करू देत नाही.

कातडीची एक चाचणी तुझ्याकडं फुकट आहे. कान-नाक टोचल्याच्या जागा चाचपून बघ. तिथं गाठ आलेली असेल, जुनी जखम वर उचलून कडक झाली असेल, तर तुझ्या अंगाला केलॉइडची सवय आहे आणि त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुई लावायची नाही. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, पांढरे डाग, सोरायसिस असेल तरी तेच. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला मी परत पाठवते. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, तिची लस झालेली नसेल तर घे. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहतो, त्यामुळे पुसलेली सुई म्हणजे स्वच्छ सुई नव्हे. माळेगावच्या किंवा कुठल्याही जत्रेत बॅटरीच्या मशीनवर ओळीनं नावं काढून देतात, एकच सुई, एकाच वाटीतली शाई. तिथं नको. चार पैसे वाचतात म्हणूनही नको. आणि तू रक्तदान करत असशील तर टॅटूनंतर बारा महिने ते बंद.

टॅटूवाला निवडताना त्याचे ताजे फोटो बघू नकोस, ते सगळ्यांचेच छान असतात. दोन वर्षांपूर्वी काढलेले टॅटू आज कसे दिसतात ते दाखवायला सांग. सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडलं पाहिजे, त्यावरची तारीख वाच. शाई छोट्या टोपणात ओतलेली हवी आणि उरलेली फेकली पाहिजे. मशीनला आणि वायरला प्लास्टिकचं आवरण, केस काढायला नवं रेझर. एक खूण मी सगळ्यांना सांगते: काम चालू असताना त्याचा फोन वाजला, त्यानं उचलला, तर परत येऊन हातमोजे बदलतो का? वापरलेल्या सुया कुठं टाकता असं विचार. सुईनं फुटत नाही असा पांढरा डबा दाखवता आला नाही तर उठून ये. सोबत मैत्रीण ने. फोटोचं आधीच बोलून घे, कारण काम झालं की हातासकट चेहऱ्याचा रील पेजवर जातो आणि आईला तो शेजारीण दाखवते. "चेहरा नाही, नाव नाही, हाताचा फोटोही विचारून," असं सुई लावण्याआधी सांगायचं. यावर तोंड वाकडं करणाऱ्याकडं काम द्यायचं नाही.

दुखतं किती? आतल्या बाजूला मनगटाजवळ आणि कोपराच्या घडीत झोंबतं, मध्ये सोसतं. दुखू नये म्हणून बधिर करणारं क्रीम स्वतःहून जाड थापून, वर पिशवी गुंडाळून येऊ नको. त्यातलं औषध अंगात जास्त मुरलं तर चक्कर, धडधड होते. जेवून ये. उपवासाच्या दिवशी येऊच नको, बहुतेक भोवळ येणाऱ्या मुली उपाशी आलेल्या असतात.

नंतरचे दोन-तीन आठवडे वरची कातडी भरायला लागतात, आतली त्याहून जास्त. साध्या साबणानं हलक्या हातानं धुणं, कोरडं टिपणं, सांगितलेलं मलम अगदी पातळ. टँकरचं किंवा साठवणीचं पाणी असेल तर उकळून गार केलेलं वापर. विहिरीत पोहणं नाही. खपली सुटते तेव्हा खाज सुटते, नखं लावायची नाहीत. गावी गेलीस की मावशी हळद आणि खोबरेल घेऊन पुढं येईल, तिला प्रेमानं नाही म्हण. स्कूटीवर सनकोट घाल, पण बाही सैल हवी. लाली पसरत चालली, पू आला, ताप आला तर मला फोटो पाठवत बसू नको, डॉक्टरकडं जा. या सगळ्यासाठी एप्रिल-मे टाळ, घामानं जीव जातो. आपल्याकडं त्याला हिवाळा बरा.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: पहिला, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. पहिला या आठवड्यात घेतलास तर तिसरा होईपर्यंत परीक्षांचं पुष्कळसं कळलेलं असेल आणि जागुआ दोनदा लावून झालेलं असेल. तेव्हाही डावा हात पक्का असेल तर कणसाचा फोटो घेऊन ये. आईला यायचं असेल तर तिलाही आण. तिची सही लागत नाही, तू सज्ञान आहेस. पण मी सुया कुठून काढते आणि कुठं टाकते हे तिनं बघितलेलं मला आवडेल.